अरण्यांत टाकलेलें यंत्र

बैल म्हातारा झाला म्हणजे त्याला दावणीला बांधून शेवटपर्यंत वैरण घालणारीं घरें आपल्याकडे अजून आहेत. यंत्राच्या वांट्याला असें भाग्य क्वचितच येतें. तें जेथें बंद पडतें तेथेंच पुष्कळदां त्याला सोडून देतात. मग त्यावर पाऊस पडतो, भोंवतीं झुडपें वाढतात, आणि उपयोगी पडण्यासारखे भाग कोणी ना कोणी काढून नेतो. अमेरिकेच्या ईशान्य टोंकाला मेन नांवाचें राज्य आहे. तेथल्या अरण्यांत अशीं टाकलेलीं यंत्रें वर्षानुवर्षें गंजत पडलीं. त्यांपैकीं एका जातीच्या यंत्राची हकीकत मी आज सांगणार आहें. त्याचें नांव लोंबर्डचें ओंडके ओढणारें एंजिन. शेतांतला साखळपट्ट्यांचा ट्रॅक्टर आणि रणांगणावरील रणगाडा हे दोघेहि त्याच्याच कुळांतले.

एकोणिसाव्या शतकांत मेनची संपत्ति म्हणजे तेथील पाइन आणि स्प्रूस हे वृक्ष. पेनॉब्स्कॉट नदीवरील बँगॉर हें शहर त्या काळीं इमारती लांकडाची मोठी बाजारपेठ होतें. तोडीचा हंगाम हिवाळ्याचा. झाडें तोडावयाचीं, त्यांचे ओंडके घोड्यांच्या घसरगाड्यांवर रचून बर्फावरून नदीकांठीं आणावयाचे, आणि वसंतांत बर्फ वितळून नदीला पूर आला कीं पाण्यांत सोडून द्यावयाचे. गिरण्यांपर्यंतचा पुढचा प्रवास नदी फुकट करून देई. म्हणजे सारा व्यापार बर्फाच्या थोड्या आठवड्यांवर अवलंबून असे. बर्फ वितळण्यापूर्वीं जो ओंडका नदीवर पोंचला नाहीं, तो पुढच्या हिवाळ्यापर्यंत अरण्यांत अडकला. नदीकांठचीं झाडें संपत गेलीं तशी ही वाट लांबत गेली. वाट लांबली म्हणजे घोडे वाढवावे लागतात; आणि घोडे वाढले म्हणजे त्यांचें गवत व दाणा तितक्याच दूर वाहून न्यावा लागतो. आपल्याकडच्या गाडीवानांना हें गणित समजावून सांगावयास नको.

वाफेचें एंजिन त्या वेळीं सर्वांच्या परिचयाचें होतें. मग तें अरण्यांत कां नेलें नाहीं? अडचण होती ती चाकांची. चाक जमिनीला अगदीं थोड्या जागेंत टेकतें. त्यावर एंजिनाचा सारा भार आला कीं तें बर्फांत रुततें, किंवा जागच्या जागीं फिरत राहतें. रूळ टाकले तर ही अडचण मिटते. परंतु आज तोड येथें, उद्यां तेथें, अशा ठिकाणीं रुळांचा खर्च परवडत नाहीं. वॉटरव्हिल येथील ॲल्व्हिन ऑर्लँडो लोंबर्ड या कारागिरानें यावर उपाय शोधला. लांकूड कापण्याच्या गिरणींत त्याचें बाळपण गेलें होतें. एंजिनानें आपले रूळ आपल्याबरोबरच वागवावे, हा तो उपाय. बॉयलरच्या खालीं दोन्ही बाजूंना त्यानें पोलादी पट्ट्यांची एकेक अखंड साखळी बसविली. दातेरी चाकें ती फिरवीत. पुढच्या पट्ट्या जमिनीवर अंथरल्या जात, एंजिन त्यांवरून सरके, आणि मागच्या पट्ट्या उचलल्या जाऊन वरच्या अंगानें पुन्हां पुढें येत. भार विस्तृत जागेवर वांटला गेल्यामुळें बर्फ खचत नसे, व पकडहि सुटत नसे. पुढच्या बाजूस दिशा बदलण्यासाठीं दोन रुंद घसरपट्ट्या असत.

ही कल्पना लोंबर्डलाच प्रथम सुचली असें नव्हे. इंग्लंडांत सर जॉर्ज केली यांनीं १८२५ सालींच अशा ‘सार्वत्रिक रेल्वे’चें पेटंट घेतलें होतें. परंतु कल्पना सुचणें निराळें आणि ती चिखलांत, बर्फांत, अडाणी हातांखालीं वर्षानुवर्षें टिकणें निराळें. व्यवहारांत यशस्वी होऊन विकलें गेलेलें या जातीचें पहिलें यंत्र लोंबर्डचेंच, असें आज सामान्यतः मानतात. त्याला २१ मे १९०१ रोजीं पेटंट मिळालें, आणि १९१७ पर्यंत वॉटरव्हिल येथें अशीं ८३ वाफेचीं एंजिनें तयार झालीं.

या एंजिनावर चार माणसें असत. एक एंजिन चालविणारा, एक आगवाला, एक मागच्या घसरगाड्यांवर लक्ष ठेवणारा, आणि चौथा सुकाणूवाला. या चौथ्याची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. आगगाडीच्या एंजिनाच्या पुढें गुरें बाजूस सारणारी जाळी असते ना, त्या जागीं याची उघडी बैठक असे. समोर गोठविणारा वारा, पाठीशीं तापलेला बॉयलर, आणि वरून धुरांड्याच्या ठिणग्या. हातांत फक्त सुकाणूचें चाक. वेग वाढविणें अथवा कमी करणें त्याच्या हातीं नसे, आणि एंजिनाला ब्रेकच नव्हता. गति ताशीं चार-पांच मैलांची. ऐकावयास ती बैलगाडीची वाटते. परंतु मागें ओंडक्यांनीं लादलेल्या घसरगाड्यांची लांबच लांब माळ जोडलेली असे, आणि भार अधिक सुलभतेनें घसरावा म्हणून वाटेवर मुद्दाम पाणी शिंपडून तिचें कांचेसारखें बर्फ केलेलें असे. चढावर ही सोय उपयोगी पडे. उतारावर तीच जिवावर बेते. मागचा शेंकडों मणांचा भार एंजिनाला ढकलूं लागला कीं सुकाणूवाल्यानें वाट सोडूं नये, एवढाच उपाय उरे. म्हणून उतारावर अगोदरच वाळलेलें गवत पसरून ठेवीत. त्यानें घसरगाड्यांना थोडा अडथळा होई. इतक्या माणसांचे प्राण गवताच्या पेंढीवर सोंपविलेले होते, हें आज वाचतांना अंगावर कांटा उभा राहतो.

या यंत्राचा पुढचा इतिहास थोडक्यांत सांगतों. विस्कॉन्सिनमधील फीनिक्स कंपनीनें लोंबर्डच्या परवान्यानें तशींच एंजिनें केलीं. कॅलिफोर्नियांतील बेंजामिन होल्ट यानें १९०४ सालीं मऊ, दलदलीच्या शेतांसाठीं साखळपट्ट्यांचा ट्रॅक्टर चालवून दाखविला, आणि ‘कॅटरपिलर’ म्हणजे सुरवंट हें नांव त्यांतूनच रूढ झालें. पहिल्या महायुद्धांत होल्टच्या ट्रॅक्टरांनीं तोफा ओढल्या. आणि १५ सप्टेंबर १९१६ रोजीं सोमच्या लढाईंत इंग्रजांचे पहिले रणगाडे साखळपट्ट्यांवरच खंदक ओलांडूं लागले. लांकूडतोड्यांची सोय पहातां पहातां जगाच्या युद्धपद्धतींत पालट झाला.

इकडे अरण्यांत मात्र वाफेचे दिवस भरत आले होते. लोंबर्डनें स्वतःच पेट्रोलचीं एंजिनें करावयास घेतलीं. पुढें मोटारट्रक आले, रस्ते झाले. केनेबेक नदीवर १९७६ सालीं मेनमधील ओंडके वाहण्याची शेवटची खेप झाली, आणि ज्या नदीसाठीं ही सारी धांवपळ होती तिचेंहि काम संपलें. बहुतेक एंजिनें भंगारांत गेलीं. जीं अरण्यांत फार खोल होतीं, त्यांना बाहेर काढण्याचा खर्च लोखंडाच्या किंमतीपेक्षां जास्त होता. म्हणूनच तीं वांचलीं.

मेनमधील ब्रॅडली या गांवीं जंगल व लांकूडतोड यांचें एक संग्रहालय आहे. तेथील लोंबर्डचें वाफेचें एंजिन २०१० नंतरच्या दशकांत पुन्हां चालूं लागलें. तें काम संग्रहालयाच्या स्वयंसेवकांनीं आणि जवळच्याच मेन विद्यापीठांतील यंत्रविद्येच्या विद्यार्थ्यांनीं केलें. जुनें एंजिन पुन्हां चालविणें म्हणजे गंज खरवडून रंग देणें, असें आपणांस वाटण्याचा संभव आहे. खरा प्रश्न बॉयलरचा असतो. वाफेच्या दाबाखालीं झिजलेला पत्रा फुटला तर भोंवतालचा माणूस वांचत नाहीं. म्हणून अशा कामांत पत्र्याची जाडी ठिकठिकाणीं मोजतात, कुजलेल्या नळ्या बदलतात, आणि आग पेटविण्यापूर्वीं बॉयलर पाण्यानें भरून नेहमींच्या दाबापेक्षां अधिक दाब देऊन पाहतात. कारण पाणी वाफेसारखें उसळत नाहीं, तें नुसतें गळतें. सुटे भाग बाजारांत मिळत नाहींत. झिजलेला भाग पाहून मूळचें माप ताडावें लागतें, लांकडी साचा करावा लागतो, आणि ओतीव काम करून तें कातावें लागतें.

परंतु इतकें झाल्यावरहि एक गोष्ट उरते, आणि मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते. यंत्र कसें बनलें तें नकाशावर राहतें. तें कसें चालवावें तें हातांत राहतें, आणि हात गेले कीं तेंहि जातें. आग किती ठेवावी, चढ येण्यापूर्वीं पाणी किती घ्यावें, वळणावर चाक केव्हां फिरवावें, हें ज्यांना ठाऊक होतें ते सुकाणूवाले व आगवाले केव्हांच काळाच्या पडद्याआड गेले. आज तेथें तरुण मुलें त्या उघड्या बैठकीवर बसून तें नव्यानें शिकतात. त्या ज्ञानाची बाजारांत किंमत नसेल. पण तें एकदां समूळ गेलें असतें, तर हें एंजिन केवळ लोखंडाचा पुतळा होऊन राहिलें असतें.

टाकलेल्या यंत्राला पुन्हां कामाला लावण्याचा अनुभव आपल्या देशालाहि आहे. दुसरें महायुद्ध संपल्यावर अमेरिकन लष्करानें हिंदुस्थानांत मागें ठेवलेले साखळपट्ट्यांचे ट्रॅक्टर दुरुस्त करून १९४७ च्या सुमारास भारत सरकारच्या मध्यवर्ती ट्रॅक्टर संघटनेचें काम सुरू झालें. मध्य प्रदेशांतील कांस या खोल मुळांच्या गवतानें गिळलेल्या जमिनी त्यांनीं नांगरल्या, हिमालयाच्या पायथ्याच्या तराईंत जंगल साफ केलें. नव्या ट्रॅक्टरांसाठीं जागतिक बँकेचें एक कोटि डॉलरचें कर्ज १९४९ सालीं मंजूर झालें. त्याच्या आधींची वाट या टाकाऊ ट्रॅक्टरांनींच चालून दाखविली होती. अन्नटंचाईच्या त्या वर्षांत ती गरज होती. ब्रॅडलीच्या एंजिनाला तशी गरज नाहीं. ज्या अरण्याचे वृक्ष ओढण्यासाठीं तें जन्माला आलें, तेथें आतां तें पाहुण्यांना दाखविण्यापुरतेंच ओंडके ओढतें.

म्हणून त्याच्या शिटीचा आवाज ऐकून केवळ कौतुक करूं नये. जवळचीं झाडें संपलीं म्हणून हें यंत्र निघालें, आणि त्यानें दूरचीं झाडेंहि जवळ आणलीं. घोड्यांचे कष्ट त्यानें वांचविले, आणि एका माणसाला बर्फाळ उतारावर सर्वांच्या पुढें नेऊन बसविलें. यंत्र पुन्हां चालूं लागलें म्हणजे हा दोन्ही बाजूंचा जमाखर्च पुन्हां डोळ्यांसमोर उभा राहतो. गंजत पडलें असतें तर तो कोणी मांडला नसता.