लाँचवरचा माणूस



आपल्या कोल्हापूरला समुद्र नाही. पण एके काळी कोल्हापूरला आरमार होते. मालवणचा सिंधुदुर्ग करवीरकर छत्रपतींच्या ताब्यात होता. इंग्रजांनी तो १७६५ साली घेऊन त्याचे ‘फोर्ट ऑगस्टस’ असे नामकरण केले आणि पुढच्या वर्षी परत दिला. १८१२ च्या तहाने मात्र तो आपल्याकडून कायमचा गेला. त्यानंतर समुद्र आपल्या बोलण्यातूनही गेला असे म्हणावयास हरकत नाही. दुसऱ्या महायुद्धाची गोष्ट कोल्हापुरात निघाली की आपण पलटणीविषयी बोलतो, वळिवड्याच्या छावणीत राहून गेलेल्या पोलिश निर्वासितांविषयी बोलतो. खलाशाविषयी कोणी बोलत नाही. आज मी एका खलाशाविषयी बोलणार आहे. तो माझा मामा होता, एवढाच माझा या विषयावरचा अधिकार.

मामा मालवणकडचे. युद्ध संपल्यावर ते घाट चढून कोल्हापुरास आले आणि उद्यमनगरातल्या एका कारखान्यात ऑइल इंजिने जुळविण्यात त्यांचा जन्म गेला. आमच्या घरी सणावाराला दोन युद्धवीर पंगतीस असत. एक माझे चुलते. ते मराठा पलटणीबरोबर इटलीत लढून आलेले. दुसरे मामा. चुलत्यांची इटलीतली लढाई श्रीखंडापासून विड्यापर्यंत चाले. मग कोणीतरी विचारी, “आणि मामा, तुम्ही कुठे होता?” मामा म्हणत, “मी लाँचीर होतंय.” यापलीकडे एक शब्द नाही.

आता कोकणात लाँच म्हणजे काय हे इथल्या श्रोत्यांना ठाऊक आहे. ह्या तीरावरची माणसे, आंब्याच्या पेट्या आणि कोंबड्यांच्या डालग्या त्या तीरावर नेऊन पोचविते ती लाँच. तेव्हा युद्धाच्या काळात मामा कुठेतरी उतारू वाहत होते असा आमच्या घराचा समज झाला. चुलते तर थट्टेने त्यांना ‘आमचे तांडेल’ म्हणत. मामा हसत आणि पान लावीत. ते गेले १९९१ साली. तोपर्यंत त्यांना नीट बसवून विचारावे असे आमच्यापैकी कोणालाही वाटले नाही. मी स्वतः तीस वर्षे शाळेत इतिहास शिकविला, आणि मलाही वाटले नाही.

पुढे २००४ साली मामींनी ट्रंक उघडली. मामेभावाच्या मनात एक गोष्ट होती. मामा १९४६ च्या नाविकांच्या उठावात होते आणि त्यापायी त्यांची नोकरी गेली, असे त्याने कोणाकडून तरी ऐकले होते. गावच्या शाळेत स्वातंत्र्यसैनिकांच्या नावांचा फलक लागावयाचा होता. त्यावर वडिलांचे नाव यावे ही त्याची इच्छा. पुरावा काढून द्या, म्हणून त्याने ट्रंकेतला पत्र्याचा डबा माझ्या हवाली केला. डब्यात कळकट झालेले दोन तारे आणि चार घड्या घातलेला एक जाड कागद होता.

प्रथम ताऱ्यांविषयी. महायुद्धाची पदके ब्रिटनने आपल्या लोकांना दिली ती कोरी, त्यांवर नाव नसे. हिंदुस्थानातून वाटलेल्या पदकांवर मात्र मिळविणाऱ्याचा नंबर, हुद्दा आणि नाव ठशांनी उमटविलेले असते. मोडीत निघालेल्या पदकावरूनही त्यामुळे माणूस ओळखता येतो. आमच्या एका ताऱ्याच्या पाठीवर मामांचे नाव होते, ‘स्टोकर’ हा हुद्दा होता आणि नंबर होता. तो तारा ‘बर्मा स्टार’. नाविकाला तो मिळावयाचा तर बंगालच्या उपसागराच्या युद्धक्षेत्रात तो प्रत्यक्ष असावा लागे. मालवणच्या खाडीत उतारू वाहणाऱ्याला सरकार असा तारा देत नाही!

कागद म्हणजे नोकरीचा दाखला. त्यात भरती १९४२ ची होती आणि पुढे कोणत्या ठाण्यावर कधीपासून कधीपर्यंत, याची ओळीने नोंद होती. पहिल्या वाचनात माझी निराशा झाली, कारण सगळी नावे किनाऱ्यावरच्या ठाण्यांची. मग ध्यानात आले की काही नावांपुढे कंसात दोन इंग्रजी अक्षरे आणि एक आकडा आहे. अक्षरे होती ‘एम. एल.’ याची रीत अशी : मोठ्या जहाजाला स्वतःचा पट असतो, त्याचे खलाशी त्याच्याच नावावर मांडले जातात. लहान बोटीला स्वतंत्र पट नसतो. तिची माणसे मातृठाण्याच्या पटावर लिहितात आणि बोट कंसात जाते. ज्याला कंसाचा अर्थ कळला नाही त्याला तो खलाशी सारे युद्ध किनाऱ्यावर बसून होता असेच वाटणार.

एम. एल. म्हणजे मोटर लाँच. मामा खरेच बोलत होते; आम्ही त्यांचा शब्द आमच्या अर्थाने ऐकला.

ही लाँच होती तरी कशी? फेअरमाइल जातीची ही लाकडी बोट ११२ फूट लांब आणि सुमारे ८५ टन वजनाची. तिचे सुटे भाग आधी तयार करून मग जोडणी करावयाची असल्यामुळे ती हिंदुस्थानातल्या गोद्यांतही बांधता आली. वर एक लहान तोफ, मशीनगना आणि पाणबुडीसाठी पाण्यात टाकावयाचे स्फोटक पिंप. माणसे पंधरा-सोळा, त्यांत दोन अधिकारी. पोटात दोन पेट्रोल इंजिने, आणि टाक्यांत दोन हजार गॅलनांहून अधिक पेट्रोल. मोठ्या जहाजाला पोलादाचे अंग असते. हिला महोगनीच्या फळ्या. शत्रूचा एक गोळा नेमका पडला की सारे संपले. आणि त्या इंजिनाच्या खोलीत, पेट्रोलच्या वासात, बाहेर काय चालले आहे ते न दिसता जो माणूस उभा असे तो स्टोकर. मामांना जन्मभर बंद खोलीत झोपवत नसे. थंडीतही दार उघडे लागे. त्याचे कारण हेच, असे मी म्हणत नाही; पण मला त्या दाराची आठवण झाली.

युद्धाच्या आरंभी, १९३९ साली, हिंदी नौदलात दोन हजार माणसेही नव्हती. युद्धाच्या अखेरीस ती पंचवीस हजारांवर गेली. जपानने ब्रह्मदेश घेतला आणि अराकानचा किनारा लढाईचा झाला. तो किनारा नकाशात पाहावा : डोंगर थेट समुद्रापर्यंत आलेले, रस्ते जवळजवळ नाहीत, आणि सर्वत्र खाड्यांचे जाळे. तिकडे खाडीला ‘चाउंग’ म्हणतात. जपानी सैन्याची रसद या खाड्यांतून होड्यांनी जाई. ती रोखावयाची तर मोठे जहाज तिथे शिरू शकत नाही. म्हणून हिंदी नौदलाच्या ५५ आणि ५६ क्रमांकांच्या ताफ्यांतल्या मोटर लाँचा चितगावच्या बाजूने खाली उतरत. त्यांच्या जोडीला दक्षिण आफ्रिकेच्या आणि ब्रह्मदेशाच्या नाविकांच्या लाँचाही होत्या. रात्री खाडीत शिरावयाचे, होड्या गाठावयाच्या, टेहळणीची माणसे किनाऱ्यावर उतरवावयाची आणि ठरल्या वेळी परत घ्यावयाची, पाण्याची खोली मोजावयाची. दिवसा लपावयाचे तर किनाऱ्याच्या कांदळवनाला चिकटून, फांद्यांनी अंग झाकून. कांदळवनाचा चिखल आणि भरती-ओहोटी मालवणच्या पोराला नवी नव्हती.

या किनाऱ्यावरची एक लढाई कोल्हापूरकरांच्या अभिमानाची आहे. ती कांगॉची. १२ जानेवारी १९४५ रोजी म्येबोनला सैन्य उतरले आणि २२ जानेवारीला कांगॉला. जपान्यांची माघारीची वाट तिथे तोडावयाची होती. आधी ब्रिटिश कमांडो उतरले, मागून ५१ वी हिंदी ब्रिगेड. तिच्या तीन पलटणींचे नेतृत्व तीन हिंदी अधिकाऱ्यांकडे होते : थोरात, थिमय्या आणि सेन. यांतले शंकरराव थोरात आपल्या जिल्ह्यातल्या वडगावचे. जानेवारीच्या अखेरीस त्यांच्या पंजाब पलटणीने ‘मेलरोज’ नावाची टेकडी घेतली, आणि तिघांनाही डी. एस. ओ. हा बहुमान मिळाला. हे आपण अनेकदा ऐकले आहे. पण थोरातांची पलटण त्या टेकडीच्या पायथ्याशी पोचली कशी, हा प्रश्न आपण विचारला नाही. रस्ता नव्हताच. डाइंगबोन नावाच्या अरुंद खाडीतून, जपानी तोफांच्या माऱ्याखालून, लहान बोटींनी सैन्य वर नेले. उतरविण्याची एक बोट सुमारे चाळीस फुटांची, तीत पस्तीसएक शिपाई आणि बोट चालविणारे चौघे. शिपाई उतरून गेले की बोट रिकामी मागे फिरे आणि पुन्हा त्याच माऱ्यातून पुढची माणसे घेऊन येई. अशा बोटी चालविणारी हिंदी नौदलाची माणसे मंडपमच्या ‘हमला’ ठाण्यावर तयार झाली होती. पुढे त्याच नावाचे ठाणे मुंबईत मार्वे येथे उभे राहिले. मोठ्या तोफांचा आधार देण्यासाठी ‘नर्मदा’ आणि ‘जमना’ ही हिंदी जहाजेही या मोहिमेत होती. त्यांची नावे इतिहासात आली. लाँचांना नावेच नव्हती, नुसते आकडे होते.

मग मामा कांगॉला होते काय? मोह फार झाला. दाखल्याप्रमाणे १९४४ च्या ऑक्टोबरपासून १९४५ च्या मेपर्यंत ते लाँचवर होते, म्हणजे सारी मोहीम त्यात येते. पण त्या रात्री कोणता आकडा कोणत्या खाडीत होता हे लाँचेच्या रोजनिशीवाचून सिद्ध होत नाही, आणि ती रोजनिशी मला मिळाली नाही. भारत आणि पाकिस्तान यांच्या संयुक्त इतिहासविभागाने हिंदी नौदलाचा युद्धेतिहास १९६४ साली प्रसिद्ध केला, त्यात ताफे भेटतात. ब्रिटनमध्ये क्यू येथील अभिलेखागारात अधिकाऱ्यांचे अहवाल आहेत, त्यांत लाँचांचे आकडे भेटतात. स्टोकर कुठेच भेटत नाही. म्हणून मामा अराकानच्या खाड्यांत लढाऊ लाँचेवर होते, इतकेच मी म्हणतो. कांगॉ मी त्यांना देऊ शकत नाही.

हे काही नवे नाही. १६७९ साली शिवाजीमहाराजांनी खांदेरी वसविली तेव्हा मायनाक भंडाऱ्याच्या लहान होड्या इंग्रजांच्या जहाजांना चुकवून रात्री बेटावर रसद नेत. त्या होड्यांची हकीकत आपल्याला बव्हंशी कळते ती कोणाच्या कागदांतून? त्यांना अडवू न शकलेल्या इंग्रजांच्या पत्रांतून. लहान होडीतला माणूस स्वतः काही लिहून ठेवीत नाही. त्याला हात दोनच, आणि ते वल्ह्यावर असतात.

आता मामेभावाच्या प्रश्नाकडे येतो. मुंबईच्या ‘तलवार’ ठाण्यावर नाविकांचा उठाव सुरू झाला १८ फेब्रुवारी १९४६ रोजी. २३ तारखेस तो मिटला. मामांच्या दाखल्यावर सेवामुक्तीची तारीख आहे जानेवारी १९४६. युद्ध संपल्यावर हजारो नाविकांना कमी केले, त्यांत ते घरी आले. वर्तणुकीच्या रकान्यात ‘फार चांगली’ असा शेरा आहे. उठाव सुरू झाला तेव्हा मामा नौदलात नव्हतेच.

हे मी मामेभावाला सांगितले तेव्हा तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “दादा, तुम्ही तारीख वाचली नसती तर काय बिघडले असते?” त्याच्या बोलण्यात लबाडी नव्हती. आयुष्यभर ‘तांडेल’ म्हणून हिणविलेल्या बापाला एकदा मान मिळावा, एवढेच त्याला हवे होते. मी म्हटले, “ज्या कागदाने मामांना लढाईत नेऊन बसविले, त्याच कागदाने त्यांना उठावातून काढले. त्याचे एक बोलणे घेऊन दुसरे मी टाकले, तर उद्या पहिलेही कोणी मानणार नाही.” तो डबा घेऊन गेला. दोन वर्षे आमचे येणेजाणे बेताचेच होते. फलकावर मामांचे नाव लागले नाही.

माझे चुलते तेव्हा ब्याऐंशी वर्षांचे होते. त्यांना मी लाँचेचे चित्र दाखविले आणि पेट्रोलच्या टाक्या सांगितल्या. त्यांनी चित्र डोळ्यांजवळ नेऊन पाहिले. “लाकडाची?” त्यांनी विचारले. मी होय म्हटले. पलटणीतल्या माणसाला आडोशाची किंमत कळते. त्यानंतर त्यांच्या तोंडून ‘तांडेल’ हा शब्द मी ऐकला नाही. मात्र तो शब्द ज्याला लागत होता तो माणूस जाऊन तेरा वर्षे झाली होती.

मुंबईत खलाशांच्या वसतिगृहात एक स्मारकग्रंथ आहे. समुद्राशिवाय ज्यांना थडगे नाही अशा हिंदी नौदलाच्या चारशेहून अधिक आणि व्यापारी जहाजांवरच्या सुमारे सहा हजार माणसांची नावे त्यात आहेत. तसाच ग्रंथ चितगावलाही आहे. जे बुडाले त्यांची नावे अशी राहिली. जे परत आले, ज्यांनी पुढे उद्यमनगरात इंजिने जुळविली, गिरणीत पाळ्या केल्या, शेती केली, त्यांच्यासाठी असा ग्रंथ नाही. त्यांचा ग्रंथ आपल्या माळ्यावरच्या ट्रंकेत आहे.

तेव्हा श्रोतेहो, घरी गेल्यावर ती ट्रंक काढा. पदक असेल तर पाठीवरचा नंबर कागदावर उतरवून घ्या. नंबर हाती नसेल तर कोणतेही दप्तर बोलत नाही. दाखला असेल तर कंसातल्या अक्षरांसकट त्याची नक्कल करा. घरात कोणी जुने माणूस असेल तर त्याला विचारा, आणि तो जो शब्द वापरील तो त्याच्या अर्थाने ऐका. नंतर जे निघेल ते तुमच्या मनासारखे निघेलच असे नाही.

मामेभाऊ गेल्या दसऱ्याला घरी आला होता. बर्मा स्टार त्याने काचेच्या चौकटीत बसवून घेतला आहे. चौकट पाठीमागून उघडी ठेवली आहे, नंबर वाचता यावा म्हणून.