ओल्ड्समोबिल डिझेलची हकीकत

यंत्रांचे इतिहास बहुधा जयाचे लिहिले जातात. वाफेचे इंजिन कोणी सुधारले, विमान प्रथम कोठे उडाले, हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. परंतु एखादे यंत्र कोठे, कसे व का बिघडले, हे सांगण्याच्या भानगडीत सहसा कोणी पडत नाही. कारखानदाराला ती गोष्ट विसरावयाची असते, गिऱ्हाइकाला ती आठवली की संताप येतो, आणि मिस्त्री लोक ती आपापसांत सांगतात, पण लिहून ठेवीत नाहीत. आज आम्ही मुद्दाम तशी एक हकीकत निवडली आहे. ती अमेरिकेतली आहे, १९७८ ते १९८५ या काळातली आहे, आणि तिच्यातली मुख्य पात्रे म्हणजे काही बोल्ट, एक रबरासारखे कडे व थोडेसे पाणी. एवढ्याशा सामग्रीने एका बलाढ्य कंपनीच्या लौकिकाला डाग लागला आणि एका सबंध देशाने डिझेल मोटारीकडे पाठ फिरवली.

कथा कळावयाची तर डिझेल इंजिनाचा स्वभाव आधी ध्यानात घेतला पाहिजे. पेट्रोलच्या इंजिनात हवा व पेट्रोल यांचे मिश्रण दाबून विजेच्या ठिणगीने पेटवतात. डिझेलला ठिणगी लागत नाही. त्यात नुसती हवाच इतकी दाबतात की ती दाबामुळेच तापते, आणि ऐन वेळी तीत तेलाची फवारणी केली की तेल आपोआप पेटते. त्या काळच्या अमेरिकन पेट्रोल इंजिनात मिश्रण सुमारे आठपट दाबले जाई. आपल्या कथेतल्या डिझेल इंजिनात हवा साडेबावीसपट दाबली जाई. यातून दोन गोष्टी निघतात. सिलिंडरावरचे झाकण, ज्याला आपले मिस्त्री 'हेड' म्हणतात, ते फार घट्ट बसलेले असले पाहिजे. आणि तेल फवारणारा पंप फार बारकाईने घडवलेला व फार स्वच्छ राखलेला असला पाहिजे. डिझेलचे बहुतेक दुखणे या दोहोंपैकी एका ठिकाणी सुरू होते.

हे आपल्याकडच्या लोकांना नवे नाही. १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी निघाली, आणि पुढे विहिरीविहिरीवर तेलाची इंजिने धडधडू लागली. ज्या शेतकऱ्याने असे इंजिन सांभाळले आहे, त्याला इंधन फडक्यातून गाळून का घालावयाचे हे कोणी समजावून सांगावे लागत नाही. त्याने ते पुस्तकात वाचलेले नसते. ऐन भरणीच्या दिवशी इंजिन बंद पडून तो ते शिकलेला असतो.

खुद्द रुडॉल्फ डिझेल यालाही ते असेच शिकावे लागले. १० ऑगस्ट १८९३ रोजी आउग्सबुर्ग येथे त्याच्या पहिल्या इंजिनात इंधन पेटले खरे, पण त्या स्फोटाने दाब मोजण्याचे उपकरणच उडवून दिले. यशस्वी चाचणी होण्यास १७ फेब्रुवारी १८९७ उजाडावे लागले. इंधनातील उष्णतेपैकी शेकडा सव्वीसांहून अधिक भाग कामी आला, आणि वाफेच्या इंजिनांच्या मानाने हा आकडा थक्क करणारा होता. तरी त्या प्रयोगशाळेतल्या इंजिनाला तेल फवारण्यासाठी दाबलेली हवा लागे, व ती पुरवणारे अवजड यंत्र मोटारगाडीत मावणे शक्य नव्हते. रॉबर्ट बॉश याच्या कारखान्याने १९२७ पासून तेलाचे पंप मोठ्या प्रमाणावर काढले, तेव्हा ती अडचण दूर झाली; आणि १९३६ च्या फेब्रुवारीत बर्लिनच्या प्रदर्शनात मर्सिडीझ-बेन्झची '२६० डी' ही प्रवासी गाडी उभी राहिली. शक्ती केवळ ४५ अश्वशक्ती. पण इंधनाचा खर्च कमी, म्हणून टॅक्सीवाल्यांनी ती उचलली. तेव्हापासून युरोपात डिझेल मोटार म्हणजे संथ, आवाज करणारी, पण विश्वासाची गाडी, असा समज रूढ झाला. हा समज आम्ही मुद्दाम नोंदवीत आहोत, कारण अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाने गाडी विकत घेतली ती याच विश्वासावर.

अमेरिकेत पेट्रोल स्वस्त होते तोवर डिझेल मोटारीची आठवण कोणाला होण्याचे कारण नव्हते. १९७३ च्या ऑक्टोबरात अरब राष्ट्रांनी तेल रोखले आणि पंपांवर रांगा लागल्या. १९७५ साली कायदा झाला की, प्रत्येक कारखानदाराच्या गाड्यांनी एका गॅलनमागे सरासरी अमुक मैल धावलेच पाहिजे. हे मान १९७८ च्या गाड्यांसाठी अठरा मैल होते, ते १९८५ पर्यंत साडेसत्तावीसवर न्यावयाचे होते. जनरल मोटर्स या कंपनीपुढे खरा पेच होता. तिच्या गिऱ्हाइकाला लांबरुंद, सोफ्यासारख्या बैठकीची गाडी हवी होती. सरकारला काटकसर हवी होती. दोघांनाही राजी करावयाचे, तर मोठ्या गाडीत डिझेल इंजिन बसवावे, ही कल्पना सुचली, आणि ते काम मिशिगन राज्यातील लॅन्सिंग येथे असलेल्या ओल्ड्समोबिल या तिच्या शाखेकडे आले. कल्पना वाईट नव्हती, हे येथेच सांगून टाकतो.

१९७८ च्या गाड्यांबरोबर ५.७ लिटरचे, आठ सिलिंडरांचे, १२० अश्वशक्तीचे हे इंजिन बाजारात आले. पुढच्या वर्षी इराणमध्ये क्रांती झाली, तेलाचे भाव पुन्हा भडकले, आणि विक्री झपाट्याने वाढली. ओल्ड्समोबिलपुरते ते राहिले नाही. ब्यूक, पॉन्टियाक, शेव्हरोले, इतकेच काय पण कॅडिलॅक या श्रीमंती गाडीतही ते बसले. १९८१ साली अमेरिकेत विकल्या गेलेल्या नव्या मोटारींत शेकडा सहाच्या आसपास डिझेलच्या होत्या, आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक जनरल मोटर्सच्या होत्या.

लोकांत असा प्रवाद आहे की, कंपनीने पेट्रोलचेच इंजिन घेऊन त्याचे डिझेल केले. हा प्रवाद जसाच्या तसा खरा नाही, आणि कंपनीला न्याय द्यावयाचा तर तसे म्हटले पाहिजे. इंजिनाचा ब्लॉक नव्याने, अधिक जाड ओतलेला होता. क्रँकशाफ्ट ज्या ठिकाणी टेकून फिरतो तेथे तो अधिक मोठा केला होता. चूक झाली ती दुसरीकडे. जुन्या पेट्रोल इंजिनाच्या यंत्रसामग्रीवरच हे नवे इंजिन घडवता यावे, म्हणून बाहेरची मापे तीच ठेवली, आणि हेड बसवण्याच्या बोल्टांची मांडणीही तीच ठेवली. एका हेडाला दहा बोल्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडराभोवती चार. आठपट दाबाला जे चार पुरत होते, तेच साडेबावीसपट दाबाला पुरावेत, अशी ही अपेक्षा.

ते पुरले नाहीत. बोल्ट ताणले जात, कधी तुटत. हेड केसभर उचलले जाई. मधली गॅस्केट फुटे, आणि इंजिन थंड ठेवणारे पाणी सिलिंडरात शिरे. पेट्रोल इंजिनात असे थोडे पाणी शिरले तर इंजिन खोकते, वाफ सोडते आणि मालकाला सावध होण्यास वेळ मिळतो. डिझेलमध्ये दट्ट्या अगदी वरपर्यंत येतो, वर जागा अशी उरतच नाही. आणि पाणी काही हवेसारखे दाबले जात नाही. मग दट्ट्याचा दांडा वाकतो किंवा दट्ट्याच फुटतो, आणि गॅस्केटच्या खर्चात भागणारे काम सबंध इंजिनावर जाते. यात दुरुस्तीने आणखी भर घातली. ताणलेला बोल्ट पुन्हा वापरावयाचा नसतो. पण विक्रेत्यांच्या गॅरेजांतील मिस्त्री आयुष्यभर पेट्रोलची इंजिने खोललेले; त्यांतल्या अनेकांनी गॅस्केट नवी घातली आणि बोल्ट तेच आवळले. काही महिन्यांत गाडी पुन्हा दारात. आम्ही या मिस्त्र्यांना फारसा दोष देत नाही. नवे यंत्र लोकांच्या हाती देण्यापूर्वी ते ज्यांनी दुरुस्त करावयाचे त्यांना शिकवणे हे कंपनीचे काम होते.

दुसरे दुखणे पाण्याचेच, पण निराळ्या वाटेने आलेले. त्या वेळी अमेरिकेत डिझेल मिळे ते बहुधा ट्रकवाल्यांच्या पंपांवर, आणि त्यात पाणी व गाळ असणे ही नवलाची गोष्ट नव्हती. ट्रकांना इंधनातले पाणी वेगळे काढणारे भांडे असते. ते अधूनमधून रिकामे केले की झाले. या मोटारीला ते भांडे दिलेलेच नव्हते. तिच्यावरचा पंप व्हर्नन रूसा या संशोधकाच्या रचनेचा, ट्रॅक्टरांवर नावाजलेला, साधा व आटोपशीर. एकच फिरता पंप आठही सिलिंडरांना पाळीपाळीने तेल वाटतो. मात्र त्याला वंगण मिळते ते त्यातून वाहणाऱ्या डिझेलचेच. डिझेलऐवजी पाणी आले की वंगण संपले आणि गंज सुरू झाला. पंप आखडे, किंवा नोझलमधून फवाऱ्याऐवजी धार पडे. इंजिन धूर ओके, ठोके देई आणि थंडीच्या सकाळी सुरू होण्याचे नाव घेत नसे.

येथे कथेत मालक शिरतो. अमेरिकेच्या थंड प्रांतांत पेट्रोलच्या टाकीत पाणी गोठू नये म्हणून मोटारवाले थोडे अल्कोहोल ओतीत. दुकानात त्याच्या बाटल्या मिळत. टाकीत पाणी आहे असे कळल्यावर डिझेलवाल्यांनीही तेच केले. बापजाद्यांपासून चालत आलेला उपाय. त्यात वावगे काय? पण पंपाच्या आत, वेग आवरणाऱ्या वजनांच्या पिंजऱ्याशी, रबरासारख्या पदार्थाचे एक लवचीक कडे होते. अल्कोहोलने ते कडे विरले, त्याचे तुकडे झाले, आणि ते तुकडे जास्तीचे तेल टाकीकडे परत नेणाऱ्या वाटेत अडकून इंजिन बंद पडू लागले. रोग परवडला पण औषध नको, ही आपली म्हण जणू याच पंपासाठी केली असावी! इंधनात पाणी साचल्याची सूचना देणारी व्यवस्था पुढे आली. पण तोपर्यंत पुष्कळ पंप कामातून गेले होते. शिवाय क्रँकशाफ्टपासून पंपापर्यंत गती पोचवणारी साखळी झिजून सैल झाली की फवारणीची वेळ चुके. वंगणाचे तेलही डिझेलमध्ये लवकर काळे होते व लवकर बदलावे लागते, आणि पेट्रोलच्या सवयीचे मालक ते बदलीत नसत. याविषयी अधिक विस्तार नको.

कोणी म्हणेल की, पेट्रोलच्या रचनेवर डिझेल उभारणे हीच मूळ चूक. आम्हाला हे पटत नाही. जर्मनीच्या फोल्क्सवॅगन कंपनीने १९७६ साली नेमके तेच केले होते. गोल्फ गाडीच्या पेट्रोल इंजिनावरून त्यांनी दीड लिटरचे लहान डिझेल इंजिन बनवले. त्यात हवा सुमारे तेवीसपट दाबली जाई. आणि १९७७ पासून तीच गाडी 'रॅबिट' या नावाने अमेरिकेतही विकली गेली व चांगली चालली. इतकेच कशाला, १९८२ साली खुद्द ओल्ड्समोबिलने सहा सिलिंडरांचे डिझेल इंजिन काढले, त्यात बोल्टांची मांडणी सुधारली, आणि हेड उचलण्याची तक्रार तेथे उरली नाही. आठ सिलिंडरांच्या इंजिनालाही १९८१ पासून 'डीएक्स' या खुणेचा सुधारलेला ब्लॉक मिळाला. म्हणजे उपाय घरात होता, कारागीरही होते. कमी पडला तो वेळ; आणि जेथे चार पैसे जास्त खर्चावयाचे, नेमके तेथेच ते वाचवले गेले. कायद्याची मुदत दाराशी उभी असताना चाचण्या आणखी एक-दोन वर्षे लांबवा, असे वरिष्ठांना सांगण्यास बरेच धैर्य लागते.

या सगळ्याची झळ लागली ती साध्या माणसाला. तेलाच्या खर्चात बचत होईल म्हणून त्याने जास्त किंमत मोजून गाडी घेतलेली; ती गॅरेजात पडून, आणि विकावयास काढली तर जुन्या बाजारात डिझेलचे नाव ऐकताच गिऱ्हाईक चालते होई. हे मालक एकत्र आले, त्यांनी सामुदायिक दावे लावले. १९८३ साली तेथील केंद्रीय व्यापार आयोगाने कंपनीशी करार केला, आणि काही विशिष्ट भागांच्या तक्रारी लवादापुढे नेण्याची सोय झाली. त्या भागांत या डिझेल इंजिनाची इंधनव्यवस्थाही होती. आदल्याच वर्षी कनेटिकट राज्याने सदोष नवी मोटार बदलून किंवा तिचे पैसे परत मिळण्याचा कायदा केला होता, आणि पाठोपाठ इतर राज्यांनीही तसे कायदे केले. त्या कायद्यांचे सारे श्रेय या एका इंजिनाला देणे बरोबर होणार नाही. पण त्या वेळच्या मोटारमालकाची मनःस्थिती त्यावरून कळते.

१९८५ नंतर ही इंजिने बंद झाली. तेलही तोवर स्वस्त झाले होते. डिझेल म्हणजे फसवणूक, ही समजूत मात्र अमेरिकेत पुष्कळ वर्षे टिकली, आणि ज्यांचा या प्रकरणाशी काडीचाही संबंध नव्हता त्या कारखान्यांनाही तिने तेथे पाय रोवू दिला नाही. ओल्ड्समोबिल हे नावही २००४ साली बंद झाले; त्याची कारणे वेगळी होती.

त्या गाड्यांचे पुढे काय झाले? बाहेरची मापे पेट्रोल इंजिनाचीच ठेवलेली असल्यामुळे अनेक मालकांनी डिझेल इंजिन उतरवून त्याच जागी ओल्ड्समोबिलचे पेट्रोल इंजिन बसवले, आणि ते फारशी तोडफोड न करता बसले. उतरवलेली इंजिने भंगारात गेली. पुढे शर्यतीच्या गाड्या बांधणाऱ्या हौशी लोकांचे तिकडे लक्ष गेले. डिझेलचा दाब सोसण्यासाठी जाड ओतलेला तो ब्लॉक त्यांना हवाच होता. त्यांनी भंगारातून तो हुडकून काढला, त्यावर पेट्रोलची हेडे चढवली, आणि शर्यतीत पळवला. ओल्ड्समोबिलच्या शौकिनांत त्या ब्लॉकला अजून मागणी असते.