गावच्या चर्चची कुळकथा

उत्तर इंग्लंडमधल्या एस्कम या खेड्यातल्या चर्चच्या भिंतीत एक दगड उलटा बसवलेला आहे. त्यावरची लॅटिन अक्षरं रोमनांच्या सहाव्या लिजनची. चर्च बांधलं गेलं सातव्या शतकाच्या उत्तरार्धात. तोवर रोमन राजवट संपून अडीचशेहून अधिक वर्षं लोटली होती. पण बिन्चेस्टरचा त्यांचा किल्ला जवळच ओस पडलेला. घडीव दगड आयता मिळत असताना खाणीची वाट कोण धरणार? अक्षरं सुलटी की उलटी, हे बघायची गवंड्याला गरजच वाटली नसावी.

हे चर्च बांधणाऱ्या अँग्लो-सॅक्सन लोकांचा हात बसलेला होता तो लाकडावर. दगडी बांधकाम त्यांना नवखं होतं. 674 साली बेनेडिक्ट बिस्कपनं मंकवेअरमथचा मठ बांधायला घेतला, तेव्हा गवंडी गॉलमधून आणवले, मागाहून काच करणारेही. एस्कमची रचना तशी साधी: भाविकांसाठी उंच, अरुंद दालन, पुढे वेदीसाठी छोटी चौकोनी खोली, मधे कमान. ही कमानसुद्धा बहुधा रोमन इमारतीतून उचललेली.

सुरुवातीला एकेका मोठ्या चर्चच्या पदराखाली कितीतरी गावं असत. दहाव्या-अकराव्या शतकांत जमीनदारांनी आपापल्या वाड्याशेजारी चर्च बांधायचा सपाटा लावला. त्यात भक्ती होती, तसा मिरवण्याचाही भाग होताच. अकराव्या शतकाच्या आरंभीच्या एका लेखात साध्या शेतकऱ्याला सरदारकीचा मान मिळण्याच्या अटी दिल्या आहेत: पाच हाइड जमीन, आणि सोबत चर्च, स्वयंपाकघर, घंटाघर! एडगर राजाच्या कायद्यानं दफनभूमी असलेल्या अशा खासगी चर्चला मालकाच्या दशांशातला तिसरा हिस्सा द्यायची मुभा दिली. उत्पन्न ठरलं, आणि पुढे बऱ्याच ठिकाणी जहागिरीची शीव हीच पॅरिशची, म्हणजे चर्चच्या कार्यक्षेत्राची, शीव झाली.

यॉर्कशरमधल्या कर्कडेलला तर मालकानं नावच कोरून ठेवलंय. गामलचा मुलगा ऑर्म यानं पडझड झालेलं चर्च विकत घेऊन पायापासून नवं बांधलं, असं तिथल्या सूर्यघड्याळावर लिहिलं आहे. त्यात एडवर्ड राजा आणि टॉस्टिग अर्ल यांची नावं असल्यानं काळ 1055 ते 1065 असा बांधता येतो.

सगळीकडे असा लेख कुठून मिळणार? एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला थॉमस रिकमन या वास्तुतज्ज्ञानं बार्टन-अपॉन-हंबरचा मनोरा न्याहाळला. वरचा मजला अँग्लो-सॅक्सनांनंतर आलेल्या नॉर्मनांच्या धाटणीचा. खालच्या मजल्यांवर मात्र दगडी पट्ट्यांची नक्षी आणि त्रिकोणी माथ्याच्या कमानी. खालचं आधी, वरचं नंतर, हा त्याचा बिनतोड हिशेब. मग नॉर्मनांच्या आधीचं काम ओळखायला तशाच खुणा इतर चर्चांवरही शोधल्या जाऊ लागल्या.