चमत्कार आणि त्याची कळ

मुंबईहून जुन्या रस्त्याने पुण्यास निघालेल्या प्रवाशास खोपोलीजवळ, बोरघाटाची चढण लागण्यापूर्वी, शिळफाटा भेटतो. येथून पालीकडे रस्ता फुटतो. बल्लाळेश्वराच्या दर्शनास जाणारी मंडळी ह्याच वाटेने जातात. सन २०१३ मध्ये ह्या रस्त्यावर सांगडेवाडीनजीक 'इमॅजिका' ही करमणुकीची नगरी उघडली, आणि भाविकांच्या गाड्यांमागोमाग हौशी कुटुंबांच्या गाड्याही ह्या फाट्यावरून वळू लागल्या. एका दृष्टीने पाहता दोघांचीही ओढ एकच, चमत्काराची!

ही नगरी उभारणारे मनमोहन शेट्टी हे चित्रफिती धुण्याच्या धंद्यातून पुढे आलेले गृहस्थ. साहजिकच तेथील पहिल्या खेळांत १९८७ च्या 'मिस्टर इंडिया' ह्या बोलपटावरील एक खेळ होता. प्रेक्षकाने हलत्या आसनावर बसावे, समोर पडद्यावर दृश्ये धावावीत, आणि आपणच उडत आहो असा भास व्हावा. मूळ बोलपटात नायक अदृश्य होई, आणि तांबड्या प्रकाशात तेवढा दिसे. ती किमया साधण्यात पीटर परेरा ह्या कसबी कारागिराचा मोठा वाटा होता. परंतु खेळातून बाहेर पडणाऱ्या किती जणांस त्यांचे नाव ठाऊक असेल? भास मिळाला, त्याची कळ मात्र झाकलेलीच राहिली.

कळ उघडी करून दाखविणे हाच ज्यांचा हेतु, असे खेळ अमेरिकेत होऊन गेले. फ्लॉरिडातील डिस्नेच्या चित्रनगरीत १९८९ पासून प्रेक्षकांस गाडीत बसवून एका कृत्रिम दरीत नेत. तेथे भूकंप होई, आग भडके, पाण्याचा लोंढा अंगावर येई. आणि गाडी दरीमागे वळली की हा सर्व प्रलय घडविणारी यंत्रे डोळ्यांस दिसत. ही सफर २०१४ साली बंद झाली. हॉलिवुडमधील युनिव्हर्सल चित्रनगरीत आगीच्या दृश्यांची करामत दाखविणारा खेळ १९९२ मध्ये सुरू झाला, तोही २०१० साली गेला. आमच्या मते ह्यात काळाचा एक संकेत आहे. आग आणि पूर खरोखर निर्माण करावे लागत, तोवर त्यांच्यामागील यंत्रे दाखविण्यात मौज होती. ते काम संगणक करू लागल्यावर पडद्यामागे पाहण्याजोगे उरले काय? मेजापाशी बसलेला एक मनुष्य!

परंतु चमत्कार दाखवून वर त्याची कळही सांगणारा पहिला पुरुष आपल्याकडे फार पूर्वी होऊन गेला. धुंडिराज गोविंद फाळके हे त्र्यंबकेश्वरचे. चित्रपटाकडे वळण्यापूर्वी छायाचित्रण, मुद्रण आणि जादूचे प्रयोग ह्या तिन्ही विद्या त्यांनी हाताळल्या होत्या. आपल्या आडनावाची अक्षरे उलटसुलट करून 'प्रोफेसर केळफा' ह्या नावाने ते जादूगार म्हणून रंगमंचावर उभे राहत. १९१२ मध्ये विलायतेहून कॅमेरा आणल्यावर त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ टिपली. रोज थोडेथोडे चित्रण करीत महिनाभराची वाढ त्यांनी काही क्षणांत दाखविली. निसर्गाचा नित्याचा व्यापार वेगाने दाखविला की तोच चमत्कार होतो, ही जाण त्या लहानशा फितीत आहे.

३ मे १९१३ रोजी मुंबईत 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आला. 'लंकादहन' (१९१७) आणि 'कालियामर्दन' (१९१९) ह्यांत तर त्यांची करामत बहरली. साधने मात्र साधी होती. कॅमेरा थांबवावयाचा, पात्रांनी जागच्या जागी निश्चल राहावयाचे, एकाने दूर व्हावयाचे, आणि कॅमेरा पुन्हा फिरवावयाचा. पडद्यावर तो मनुष्य अंतर्धान पावतो. किंवा भिंगाचा अर्धा भाग झाकून चित्रण करावयाचे, फीत मागे घेऊन उरलेल्या भागावर दुसरे दृश्य उमटवावयाचे. म्हणजे जे एकत्र कधीच नव्हते ते एकत्र दिसते.

आणि ह्याच फाळक्यांनी १९१७ च्या सुमारास 'चित्रपट कसे तयार करतात' ही फीत काढून स्वतः काम करताना दर्शन दिले. 'कालियामर्दन'च्या आरंभी तर त्यांची चिमुकली कन्या मंदाकिनी प्रथम आपल्या साध्या मुद्रेने निरनिराळे भाव दाखविते, आणि मग तीच कृष्ण होते. प्रेक्षकास आधी मुलगी दाखविली, मग देव दाखविला. तरी भक्तीस उणेपणा आला नाही. कळ कळल्याने चमत्कार मरतो, हे म्हणणे किती उथळ आहे, हे येथेच सिद्ध होते.

पुढे 'प्रभात'ने हीच वाट धरली. 'संत तुकाराम' (१९३६) मध्ये गरुडविमानातून तुकोबांचे वैकुंठगमन, आणि 'संत ज्ञानेश्वर' (१९४०) मध्ये चालती भिंत पाहताना लोक हात जोडीत. ती भिंत कारागिरांनी चालविली हे कोणास ठाऊक नव्हते थोडेच?

आता तोटा कोठे झाला ते सांगितले पाहिजे. फाळक्यांच्या बहुतेक फिती नष्ट झाल्या. 'लंकादहन'चे तुकडे तेवढे राहिले. जे उरले ते पुण्यात १९६४ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयामुळे, आणि विशेषतः पी. के. नायर ह्यांच्या चिकाटीमुळे. कर्जतच्या परिसरात कलादिग्दर्शक नितीन देसाई ह्यांनी २००५ मध्ये चित्रनगरी वसविली. 'जोधा अकबर'चे (२००८) महाल तेथे उभे राहिले आणि प्रवासी ते हिंडून पाहू लागले. २०२३ च्या ऑगस्टात देसाई गेले. असे महाल पावसाळ्यांना तोंड देण्यासाठी बांधलेले नसतात, हे ह्या मुलखात राहणाऱ्यास निराळे सांगावयास नको.

म्हणून आमची विनंती एवढीच. करमणुकीच्या नगऱ्या येतील आणि जातील. परंतु खेळ पाहून परतताना मूल जेव्हा विचारील, 'हे कसे केले?' तेव्हा वडीलधाऱ्यांनी 'जादूने' असे म्हणून वेळ मारून नेऊ नये. त्र्यंबकेश्वरच्या त्या जादूगाराची गोष्ट सांगावी. चमत्कार करणाऱ्यानेच त्याची कळ मोकळ्या मनाने दाखविली, ही आपल्या घरची परंपरा आहे; ती शिळफाट्यावर विसरून येण्याजोगी नव्हे.