शुद्धी आणि निर्जंतुकता : चवदार तळ्याची साक्ष

‘शुद्ध’ हे विशेषण आपण पाण्याला, तुपाला, भाषेला आणि आचाराला सारखेच लावतो. त्यामुळे शुद्धी नेमकी कशाची करावयाची आणि ती झाली हे कशावरून ठरवायचे, हे प्रश्न बहुधा विचारलेच जात नाहीत. महाडच्या इतिहासात मात्र ते टाळता येत नाहीत.

चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये केला. तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांसह परिषदेचे प्रतिनिधी तळ्यावर जाऊन पाणी प्याले. त्यानंतर सनातन्यांनी तळे ‘शुद्ध’ केले : एकशे आठ घागरी पाणी काढले आणि शेण, गोमूत्र, दूध, दही मंत्रघोषात तळ्यात सोडले.

आता जंतुशास्त्राची बाजू पाहू. आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय या जंतूचे वर्णन थिओडोर एशेरिश यांनी १८८५ मध्येच केले होते. हा जंतू पाण्यात सापडला, की त्यात विष्ठा मिसळली आहे असे प्रयोगशाळा मानते. गाईच्या शेणातही तो असतो. म्हणजे ज्या खुणेवरून पाणी दूषित ठरते, तीच शुद्धीच्या नावाने तळ्यात घातली गेली.

दुसरी परंपराही याच मुंबई इलाख्यातली. १९०२ मध्ये पंजाबातील मलकोवाल येथे परळच्या प्रयोगशाळेतील प्लेगची लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. ठपका वाल्देमार हाफकिन यांच्यावर आला. परंतु दगावलेले सर्वजण एकाच बाटलीतून टोचलेले होते. त्याच दिवशी इतर बाटल्यांतून टोचलेले सुखरूप राहिले. बाटली उघडताना जमिनीवर पडलेला चिमटा नीट निर्जंतुक न करताच वापरल्याचेही पुढे आले. या पुराव्यांच्या बळावर १९०७ मध्ये हाफकिन दोषमुक्त झाले.

आजच्या औषधनिर्मितीतील ‘क्लीन रूम’ याच शिस्तीची वारस होय. तेथे हवा गाळली जाते, पृष्ठभाग जंतुनाशकाने पुसले जातात, हायड्रोजन पेरॉक्साइडची वाफ सोडली जाते. नंतर उघड्या ठेवलेल्या पोषक थाळ्यांवर जंतूंच्या वसाहती मोजतात. थाळीने ग्वाही दिल्याखेरीज खोली शुद्ध मानत नाहीत. जंतूंचा सर्वांत मोठा वाहक मनुष्यदेहच असल्याने मालक असो वा कामगार, अंगरखा, टोपी आणि हातमोजे प्रत्येकाला सारखेच.

महाडच्या शुद्धीला अशी कसोटी लावण्याची गरज कुणाला वाटली नाही. पुरावा अखेर न्यायालयाने मागितला. अस्पृश्यांना तळ्यापासून दूर ठेवण्याची रूढी अनादी असल्याचे सिद्ध झाले नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी दिला.