वेदीपासून विहिरीपर्यंत

वसईचा गोन्सालो गार्सिया 1597 साली जपानात नागासाकीला क्रुसावर गेला आणि 1862 साली संत झाला. गास गावचं देऊळ त्याच्याच नावाचं. ही गोष्ट सांगताना आजोबांचा कंठ दर वेळी दाटून यायचा, आणि आजी दर वेळी विचारायची, "तो गेला जपानला. तुम्ही गेलात का कधी ग्रामपंचायतीत?"

आजोबांचा हिशेब सरळ होता. रविवारचा मिस्सा चुकवला नाही, उपवासकाळ पाळला, सणाची वर्गणी दिली. आणखी काय हवं? 1739 साली पोर्तुगीज गेले, मराठे आले, मग इंग्रज आले, तरी श्रद्धा टिकली. टिकलो यातच त्या पिढीला सगळं मिळालं होतं. इतकं सोसलेल्यांना नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही.

ऐंशीच्या दशकात मात्र बिल्डर आले. नव्या इमारतींना पाणी पुरेना, म्हणून वाड्यांतल्या विहिरींवर पंप बसले आणि टँकर भरू लागले. रहाटाचा बैल दमला की थांबायचा. पंप कशाला थांबतोय! विहिरी खारावल्या. आजीनं मला केळीचं पान दाखवलं होतं, कडा करपलेल्या, बोटांत धरलं की भुगा. आणि पाणी विकणारे कोण? काही तर आमच्याच देवळात पुढच्या बाकावर बसणारे. पुढे याविरुद्ध निघालेल्या मोर्च्यांच्या आठवणी सांगताना हे बरेच जण गाळतात.

'सुवार्ता' मासिकाचे संपादक फादर फ्रान्सिस दिब्रिटो पाणी वाचवायच्या लढ्यात उतरले, हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली, सर्व धर्मांची माणसं रस्त्यावर आली. आमचे चुलत आजोबा घरी येऊन कुरकुरले, "फादरनं वेदी सांभाळावी. विहिरींशी त्याचं काय काम?" आजी भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "भावजी, मग पोरांचा बाप्तिस्मा काय टँकरच्या पाण्यानं करायचा?" मोर्च्याला ती गेली. मागोमाग आजोबाही गेले, चपला सापडत नाहीत म्हणून बराच वेळ काढून.

सगळं वाचलं असं नाही. कित्येक वाड्यांवर इमारती चढल्या, बावखलं, म्हणजे गोड्या पाण्याची जुनी तळी, बुजली. 2024 साली फादर गेले. सण अजून झोकात होतात.

यंदा वर्गणी देताना एवढं कराच: त्यातले थोडे पैसे गावच्या बावखलाचा गाळ काढायला मागा. कुणी विचारलंच, "याचा धर्माशी काय संबंध?" तर त्याचा टँकरचा धंदा आहे का, ते आधी बघा.