दांतासाठीं केलेले प्रवास

काठी हें गांव नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यांत, सातपुड्याच्या कुशींत वसलेलें आहे. एके काळीं पश्चिम खानदेशांतील मेहवाशी संस्थानांपैकीं एका संस्थानाचें तें ठाणें होतें. तेथील राजवाडी होळीची परंपरा इ. स. १२४६ पासून सांगितली जाते. फाल्गुन महिन्यांत उंच बांबूचा दांडा उभारला जातो, ढोल रात्रभर घुमतात, आणि महाराष्ट्र, गुजरात व मध्य प्रदेश अशा तिन्ही राज्यांतून माणसें डोंगर ओलांडून तेथें जमतात. बाहेरच्या जगानें काठीचें नांव ऐकलें असेल तर तें या होळीमुळेंच. परंतु त्याच डोंगरवाटांनीं माणसें आणखी एका कारणासाठीं खालीं उतरत आलीं आहेत. तें कारण म्हणजे दुखणें. आणि दुखण्यांत दांतदुखीइतकें निर्दय दुखणें थोडेंच असेल! ताप आलेला मनुष्य निजून तरी राहतो. दांत दुखणाऱ्यास रात्र सरतां सरत नाहीं.

सातपुड्यांत दांतांची निगा हा कांहीं अज्ञात विषय नव्हता. निंब, बाभूळ, करंज यांची कोंवळी काडी चावून दांत घासण्याची रीत तेथें पिढ्यान् पिढ्या चालत आली. मिश्री आणि तंबाखू यांनीं पुढें त्या काडीचें काम बरेंचसें बिघडविलें, ही गोष्ट निराळी. मात्र दांत एकदां किडला कीं उपाय खुंटे. लवंग दाबून धरावी, वैदूचें मूळ लावावें, आणि तेवढ्यानें भागलें नाहीं तर चिमट्यानें दांत उपटून घ्यावा. सुश्रुतसंहितेंत दंतशंकु नांवाच्या शस्त्राचा उल्लेख आहे हें खरें. पण ग्रंथांतील शस्त्र आणि बाजारांतील चिमटा यांच्यामध्यें अनेक शतकें पडलीं होतीं. याबद्दल आपणच खालीं मान घालावयास नको. युरोपांतील खेड्यांतही न्हावी आणि लोहार हेच बहुधा दांत काढीत असत. इ. स. १८४६ सालीं बोस्टन शहरीं मॉर्टन नांवाच्या दंतवैद्यानें ईथर हुंगवून केलेली शस्त्रक्रिया जगास दाखविली, तेव्हां कोठें वेदनेवांचून उपचार ही कल्पना रुजूं लागली.

हिंदुस्थानांत या विद्येचें शिक्षण घ्यावयाचें तर प्रथम समुद्र ओलांडावा लागे. डॉ. रफीउद्दीन अहमद हे अमेरिकेंतील आयोवा विद्यापीठांतून पदवी घेऊन आले आणि १९२० सालीं त्यांनीं कलकत्त्यास देशांतील पहिलें दंतमहाविद्यालय काढलें. त्या कामास लागणारा पैसा त्यांनीं आइस्क्रीमच्या दुकानाच्या उत्पन्नांतून उभा केला. दांत किडविणाऱ्या गोडव्यानें दांत राखणाऱ्या विद्येस हातभार लावावा, हा योग मोठा मौजेचा! मुंबईस नायर रुग्णालयाचें दंतमहाविद्यालय १९३३ सालीं सुरू झालें. त्याच काळांत मुंबई-कलकत्त्याच्या रस्त्यांवर चिनी दंतवैद्यांच्या पाट्या दिसत. ही विद्या त्यांच्या घराण्यांत बापाकडून मुलाकडे येई. म्हणजे येथें रोग्यानें प्रवास न करतां वैद्यानेंच तो केला होता. १९४८ च्या दंतवैद्यक कायद्यानें नोंदणी आवश्यक केली, आणि पदवी नसलेल्या पण पूर्वीपासून हाच व्यवसाय करीत आलेल्यांसाठीं नोंदवहींत वेगळा भाग ठेवला.

डोंगरांतील माणसास या नोंदवहीचा उपयोग फारसा नव्हता. त्याचा बाजार मोलगी आणि अक्कलकुवा; त्याची मजुरी पुष्कळदां गुजरातेंत, ऊसतोडीच्या फडावर. १ मे १९६० रोजीं मुंबई राज्याचीं दोन राज्यें झालीं. पायाखालची वाट तीच राहिली, पण तिच्यावरून सीमा गेली, आणि कालपर्यंत शेजारचें असलेलें गांव कागदोपत्रीं परराज्यांतलें ठरलें. जिल्ह्याचें ठाणें तर १ जुलै १९९८ पर्यंत दूर धुळ्यास होतें.

आतां दूरच्या श्रीमंत देशांकडे पाहिलें तर तेथेंही हाच खेळ आढळतो. ब्रिटनमध्यें १९४८ च्या जुलैंत राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली, तेव्हां कवळ्या विनामूल्य मिळूं लागल्या आणि लोकांची एकच झुंबड उडाली. खर्च आवरेना, म्हणून १९५१ सालीं कवळ्यांवर आणि चष्म्यांवर आकार बसला. त्या प्रश्नावर अन्यूरिन बेव्हन या मंत्र्यानें राजीनामा दिला. एका कवळीच्या किंमतीवरून मंत्रिपद सोडणारा मनुष्य इतिहासांत विरळाच! अमेरिकेनें १९६५ सालीं वृद्धांसाठीं सरकारी विमा सुरू केला, पण नेहमींचे दंतोपचार त्यांतून वगळले. परिणाम अपेक्षित होता तोच झाला. मेक्सिकोच्या सीमेवरील लॉस अल्गोदोनेस हें लहानसें गांव शेंकडों दंतवैद्यांनीं भरून गेलें, आणि अमेरिकन वृद्ध सीमा चालत ओलांडून तेथें जाऊं लागले. तिकडे १९८९ नंतर ऑस्ट्रियाचे लोक हंगेरींतील शोप्रॉन शहराची वाट धरूं लागले.

मराठी कुटुंबेंही यांत मागें नाहींत. अमेरिकेंत वा इंग्लंडांत स्थायिक झालेला मुलगा नाताळच्या सुटींत पुण्यास येतो, तेव्हां लग्नें, देवदर्शनें यांच्या यादींत दंतवैद्याची वेळही आधींच ठरलेली असते. साहित्य बहुधा तेंच, यंत्रें तींच. फरक पडतो तो मजुरींत, जागेच्या भाड्यांत, शिक्षणाच्या कर्जांत आणि विम्याच्या हप्त्यांत. मात्र दांत सुटीचें वेळापत्रक पाळीत नाहींत. स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांनीं १९६५ सालीं टायटॅनियम धातूचें मूळ माणसाच्या जबड्यांत प्रथम बसविलें; पण तें मूळ हाडाशीं एकजीव होण्यास सामान्यतः कांहीं महिने जातात. तीन आठवड्यांच्या मुक्कामांत तें कसें साधावें? दुसरी फेरी करावी लागते. परत गेल्यावर वर बसविलेली टोपी निखळली, तर तिकडचा वैद्य दुसऱ्याच्या कामास हात लावण्यास कां कूं करतो. वांचलेला पैसा मग विमानाच्या तिकिटांत जातो.

भारत सरकारच्या २००२ च्या आरोग्य धोरणानें तर परदेशी रुग्णांवर पैसे घेऊन केलेल्या उपचारांस निर्यातीचा मान दिला. दांत आहेत तर चणे नाहींत, ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतों; येथें दंतवैद्य आहेत, पण ते कोणाच्या वाटेवर, हें पाहावें लागतें. गोव्यांतील दवाखान्यांत समुद्रापलीकडून आलेला पाहुणा मुळांतील नस काढून, वर टोपी बसवून, आपला दांत राखून घेतो. काठीच्या डोंगरांतील मजुरासही तीच विद्या तोच दांत राखून देऊं शकेल. परंतु त्या कामास अनेकदां दोन-तीन बैठका लागतात, आणि प्रत्येक बैठकीस जीपचें भाडें व बुडालेला रोज यांची भर पडते. म्हणून खुर्चींत बसतांच तो वैद्यास आधींच सांगून टाकतो, ‘काढूनच टाका.’